पाळककाकांचे घर

पाळककाकांच्या, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) धर्मगुरूंच्या, प्रवचनांची आठवण अनेकजण काढतात. त्यात त्यांच्या घराविषयी थोडी भर घालतो. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून ते सुरत-भुसावळ मार्गावरच्या पॅसेंजरने चिंचपाडा, नवापूरकडे जात आणि पुढे सायकलच्या कॅरियरला बाजाची पेटी बांधून पाड्यापाड्यांवर मावची या तिथल्या आदिवासी बोलीत प्रार्थना घेत. मात्र परतल्यावर, कितीही रात्र झालेली असो, पिशवीतली नवापूरची तूरडाळ काकूंच्या हाती देऊन ते आधी मुलांच्या वह्या तपासत, आणि माझ्या मते त्यांची सेवा तिथेच सर्वांत खरी होती. नाताळात काकू त्यांच्यासाठी जेवायच्या थांबत, म्हणून मंडळीतली शेवटची प्रार्थना ते मुद्दाम आटोपशीर ठेवत.