बी विंगची वीज आणि पूर्णा आजी

सचिव, ए-२०४ (सायं. ६.१०)
सर्व सदस्यांना नमस्कार. बी विंगच्या मीटररूममधील जुने वायरिंग बदलण्याचे काम येत्या गुरुवारी रात्री ८ ते १० या वेळेत होईल. वायरमन दिवसभर दुसऱ्या कामावर असल्यामुळे त्यांना हीच वेळ जमते. या दोन तासांत बी विंगमधील घरांची वीज आणि लिफ्ट बंद राहील. कृपया सहकार्य करावे.

बी-४०१ (सायं. ६.२५)
सचिवसाहेब, हे काम रविवारी करता येईल का? ‘ठरलं तर मग’ मालिकेची वेळ नेमकी त्याच दोन तासांत येते आणि माझ्या सासूबाईंचा एकही भाग चुकत नाही. त्यांचे वय ८४ आहे. दिवसभरात त्या आपणहून मागतात असे तेवढेच.

बी-६०२ (सायं. ६.४०)
काकू, राग मानू नये, पण मालिकेसाठी मीटररूमचे काम पुढे ढकलणारी आपली सोसायटी पहिलीच असेल. ती माणसे खरी नाहीत, त्यांचे घर म्हणजे प्लायवुडचा सेट आहे, आणि चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी मोबाईलवर दिसतो. मागे या मालिकेत पूर्णा आजींचे काम करणाऱ्या ज्योती चांदेकर गेल्या तेव्हा याच ग्रुपवर चौदा जणांनी हात जोडले होते. त्याच आठवड्यात आपल्या जुन्या वॉचमनच्या भावाचे निधन झाले, त्या संदेशाखाली मात्र तीनच जणांनी हात जोडले. हे काही माझ्या मनातून जात नाही.

बी-४०१ (रात्री ८.०५)
आपण वॉचमनच्या भावाबद्दल लिहिलेत ते बरोबर आहे. हात न जोडणाऱ्यांत मीही होते आणि त्याबद्दल मला संकोच वाटतो. मात्र त्यावरून पूर्णा आजींसाठी जोडलेले चौदा हात खोटे होते असे ठरत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्योतीताई १६ ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात गेल्या. मी ती बातमी सासूबाईंपासून दोन दिवस लपवून ठेवली होती, पण तिसऱ्या दिवशी ती टीव्हीवरच लागली. त्यांना ऐकू कमी येते, त्यांनी फोटो पाहिला, त्याला घातलेला हार पाहिला आणि मला विचारले, “आता त्या घरात देवापाशी दिवा कोण लावणार?” मी म्हटले, “अहो आई, त्या नटी होत्या, त्यांचे खरे घर वेगळे आहे.” त्यावर त्या माझ्याकडे, मलाच काही कळत नसल्यासारखे पाहून म्हणाल्या, “ते मला माहीत आहे गं. मी त्या घराचं विचारते आहे.”

हे उत्तर मी अजून विसरलेले नाही. सासूबाईंची काही गल्लत झाली नव्हती. एक बाई गेली आणि एका घरातली आजी गेली, अशी दोन वेगवेगळी दुःखे त्यांच्या मनात होती आणि त्यांतले दुसरे त्यांना अधिक जवळचे होते, कारण त्या घरात त्या २०२२च्या डिसेंबरपासून रोज अर्धा तास बसत आल्या आहेत. मालिकेतल्या त्या सुभेदारांच्या घरातले जिने, सोफा, कोण कुणावर रुसले आहे आणि नायिका सायलीच्या बाबतीत कुणाच्या मनात काय आहे, हे त्यांना आपल्या मजल्यावरच्या चार बिऱ्हाडांपेक्षा नीट ठाऊक आहे. आपल्या मजल्यावरची दारे बंद असतात आणि ते दार रोज ठरल्या वेळी उघडते. त्यांच्या वयाच्या मैत्रिणी आता राहिल्या नाहीत, लग्नसमारंभाला नेणे जमत नाही आणि फोनवर ऐकू येत नाही. पूर्णा आजींशी बोलताना ऐकू येण्याची गरज नव्हती. (हो, त्या टीव्हीशी बोलतात. मोठ्याने बोलतात. बी-४०२ला याची कल्पना आहे आणि त्यांनी कधी तक्रार केली नाही, याबद्दल त्यांचे आभार.)

पुढे त्याच भूमिकेत रोहिणी हट्टंगडी आल्या. अभिनेत्री म्हणून त्यांच्याबद्दल बोलण्याची माझी योग्यता नाही, पण आमच्या घरी त्या ‘चार दिवस सासूचे’मधल्या आशाताई म्हणून आधीच येऊन बसलेल्या. त्यामुळे पहिले तीन-चार दिवस सासूबाई “आशा पूर्णाच्या घरात काय करते आहे?” असे विचारत राहिल्या. नंतर एका संध्याकाळी, चहाचा कप खाली ठेवत, त्या सहज म्हणाल्या, “आज पूर्णा जरा दमलेली दिसते.” तेव्हा मला कळले की चेहरा बदलला तरी त्यांनी पूर्णाला ठेवून घेतले आहे. वयाने लहान म्हणून त्या तिला अहो-जाहो करत नाहीत.

मोबाईलचेही सांगते. दुसऱ्या दिवशी भाग दिसतो हे खरे, पण त्यांच्या दृष्टीने तो शिळा असतो. ठरल्या वेळी पाहण्यात कोल्हापूरची नणंद, डोंबिवलीची भाची आणि समोरच्या काकू त्याच क्षणी तेच पाहत आहेत, ही खात्री असते. एकटीने मोबाईल हातात धरून पाहिले की ती सोबत जाते.

बी-५०३ (रात्री ८.३०)
काकू, मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहिते. आपण सांगितलेल्या नात्याला आमच्या विषयात ‘पॅरासोशल’ म्हणतात. ही कल्पना १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी एका लेखात मांडली. त्यांच्यासमोर प्रामुख्याने त्या काळचे अमेरिकन रेडिओ आणि टीव्हीवरचे निवेदक होते. एका रेडिओ कार्यक्रमातली बाई तर रात्री एकट्या पुरुषांशी, जणू प्रत्येकाशी खाजगीत, गप्पा मारत असे. नाते एकतर्फी असते, पण ऐकणाऱ्याला ते तसे जाणवत नाही. लेखकांनी याला सरसकट आजार म्हटले नव्हते. बहुतेकांच्या बाबतीत हे रोजच्या जगण्याला जोडून येणारे आहे, आणि इतर माणसांची जागाच ते घेऊ लागले तर काळजी करावी, असा त्यांचा साधारण रोख होता. आपल्याकडे १९८४-८५मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही मालिका चालू असताना प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार थेट प्रेक्षकांशी बोलत आणि लोक लाखोंनी पत्रे पाठवत. माझ्या आईने त्या मालिकेतल्या थोरल्या मुलीला, ‘बडकी’ला, लग्नाबद्दल सल्ला देणारे पत्र लिहिले होते. पोस्टात टाकले की नाही, हे तिने शेवटपर्यंत सांगितले नाही.

ए-३०१ (रात्री ८.४५)
आमचे गाव कोल्हापूरकडच्या वसगड्याजवळ आहे. ‘तुझ्यात जीव रंगला’ मालिकेचे चित्रीकरण वसगड्याच्या वाड्यात चालत असे, तेव्हा माणसे गाड्या भरभरून राणादा आणि अंजलीबाईंचे घर पाहायला येत. माझ्या मामांना लोक रस्त्यात थांबवून “राणादा घरी आहेत का?” असे विचारत आणि मामाही अगदी शांतपणे “आत्ताच रानात गेलेत” असे सांगत. विचारणाऱ्यांना ती मालिका आहे हे माहीत होते आणि मामांनाही होते. रोजच्या गर्दीचा गावाला त्रास झाला, हेही तितकेच खरे.

बी-६०२ (रात्री ९.१०)
काकूंचा संदेश दोनदा वाचला. सासूबाईंचे उत्तर माझ्यापेक्षा अधिक समजूतदार आहे, हे मान्य करतो. तरीही माझा आक्षेप पूर्णपणे मागे घेत नाही. या जिव्हाळ्याची दुसरी बाजूही असते. निळू फुले यांच्यासारखा सेवादलात वाढलेला माणूस, पण पडद्यावरच्या पाटलामुळे बायका त्यांच्या नावाने बोटे मोडत. आता तेच काम मोबाईलवरून होते आणि खलनायिकेचे काम करणाऱ्या मुलीला तिच्या फोटोखाली नको ते लिहिले जाते. शिवाय प्रेक्षकांच्या प्रेमापोटी कथेचे काय होते तेही पाहावे. २००१ साली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या मालिकेतला नायक मिहीर मेला, लोकांनी एवढा आकांत केला की त्याला परत जिवंत करावे लागले. याला कथा म्हणावे की सभासदांच्या मागणीवरून बदललेला ठराव?

आणि विचारलेच आहे असे समजून सांगतो, मी मालिका पाहत नाही. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ पाहत असे, पण ती वेगळी गोष्ट होती.

बी-४०१ (रात्री ९.२०)
ती कशी वेगळी, ते भेटल्यावर सांगावे. खलनायिकांबद्दलचे म्हणणे मात्र शंभर टक्के पटले. सासूबाईंना मी त्यांच्या नावाने कडाकडा बोटे मोडताना पाहिले आहे, पण त्यांना टाइप करता येत नाही, हे त्या मुलींचे नशीब.

सचिव, ए-२०४ (रात्री ९.४०)
चर्चा वाचली. वायरमनशी पुन्हा बोललो. रविवारी ते गावी जाणार आहेत आणि मीटररूममधल्या एका वायरचे आवरण जळालेले असल्यामुळे थांबणे योग्य नाही. काम गुरुवारीच होईल. क्षमस्व.

ए-१०२ (रात्री ९.५०)
ए विंगची वीज चालू राहणार आहे. बी विंगमधील ज्यांना पाहायचे असेल त्यांनी गुरुवारी आमच्याकडे यावे. काकू, आजींना पावणेआठपर्यंत लिफ्टने खाली आणा आणि लिफ्ट सुरू झाली की वर न्या. आवाज हवा तेवढा मोठा ठेवू. बी-६०२च्या काकांनीही अंधारात बसू नये. फक्त खुर्च्या आपापल्या आणाव्यात, आमच्याकडे चारच आहेत आणि त्यांतली एक डगमगते.