बॉस्टनचं डब्ल्यूबीसीएन कुणी मारलं? माझ्या मते 'क्लासिक रॉक'नेच!

रात्रपाळी (धागाकर्ता)
अमेरिकेतल्या बॉस्टनचं १०४.१ एफएमवरचं रॉक रेडिओ स्टेशन डब्ल्यूबीसीएन (थोडक्यात बीसीएन) ऑगस्ट २००९ मध्ये बंद झालं. आयपॉडने मारलं, इंटरनेटने मारलं, हे रडगाणं ऐकून कान किटले. माझं म्हणणं वेगळं आहे. रॉक रेडिओ १९८५ च्या सुमारास 'क्लासिक रॉक'चा, म्हणजे जुनी गाजलेली रॉक गाणीच लावायचा, साचा निघाला तेव्हाच मेला. पुढे उरला तो नुसता सांगाडा.

माहीत नसलेल्यांसाठी थोडा इतिहास. बीसीएन १९५८ मध्ये निघालं ते पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतासाठी. मालक मिचेल हेस्टिंग्ज हा एफएमने झपाटलेला इंजिनियर, पण पैशाची कायम ओढाताण. बॉस्टन टी पार्टी हा रॉक क्लब चालवणारा वकील रे रीपेन त्याच्याकडे गेला आणि रात्रीचे तास मागून घेतले. १५ मार्च १९६८ ला रात्री दहा वाजता क्रीम या रॉक बँडचं गाणं लागलं. काही महिन्यांत बीथोव्हेनने गाशा गुंडाळला.

निवेदकाला यादी नसे. पुढ्यात दोन टर्नटेबल, मागे भिंतभर एलपी. एक तबकडी वाजतेय तोवर दुसरीवर सुई ठेवायची, हेडफोनमध्ये पहिला सूर लागला की तबकडी हाताने जराशी उलटी फिरवून धरून ठेवायची आणि आधीचं गाणं विरता विरता सोडायची. कोणाशेजारी कोणाला बसवायचं हे सगळं त्याच्या डोक्यात. रात्री पीटर वुल्फ असायचा, पुढे जे. गाइल्स बँडचा गायक झाला तो. 'द कार्स' या बॉस्टनच्या बँडचा पहिला अल्बम १९७८ चा. बीसीएनची निवेदिका मॅक्सॅन सारटोरीने त्याआधीच त्यांची नुसती डेमो टेप वाजवून वाजवून गावभर केली होती.

आणि क्लासिक रॉक? हॉटेलच्या हॉलमध्ये श्रोते बसवा, शेकडो गाण्यांचे पाच-दहा सेकंदांचे तुकडे ऐकवा, गुण घ्या, नापास गाणी बाहेर. कार्सची डेमो टेप तिथे पास झाली असती? जे कुणी ऐकलेलंच नाही, त्याला गुण कसले देणार?

फ्रेमिंगहॅमकर
काहीच्या काही! बीसीएनने क्लासिक रॉक कधी धरलंच नाही, तोच तर लोचा झाला. ते कायम नव्याच्या आणि तरुण पोरांच्या मागे. १९९५ पासून पेट्रियट्स या तिथल्या संघाचे अमेरिकन फुटबॉलचे सामने घेतले. १९९६ मध्ये सकाळी न्यूयॉर्कहून हॉवर्ड स्टर्न हा बडबड्या निवेदक आणून बसवला आणि वर्षानुवर्षं 'बिग मॅट्रेस' हा सकाळचा कार्यक्रम चालवणाऱ्या चार्ल्स लाक्विडाराला बाहेरचा रस्ता दाखवला. तो गेला कुठे? १००.७ वरच्या डब्ल्यूझेडएलएक्सवर. म्हणजे तुमच्या त्या मारेकरी क्लासिक रॉकवर! चाळिशीतल्या श्रोत्याला बीसीएनने वाऱ्यावर सोडलं, झेडएलएक्सने घरात घेतलं. आजही ऑफिसला जाताना गाडीत तेच लागतं. तीच तीच गाणी लावतात, मान्य. पण ती मला आवडतात, त्याचं काय करू?

अर्धा कप
+१. आणि त्या यादीविना चालणाऱ्या रेडिओचं किती कौतुक करायचं? निवेदकाची लहर लागली की अर्धा तास ऐकणाऱ्याचे हाल. ऐंशीच्या सुरुवातीला डब्ल्यूसीओझेड या प्रतिस्पर्धी स्टेशनने आखीव यादी लावून बीसीएनला आकड्यांत मागे टाकलं, ते उगाच नाही.

धागाकर्त्यांचा सूर ऐकून मला आपले बा. वि. केसकर आठवले. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी गेली. लोकांची अभिरुची सुधारायची होती ना! लोकांनी काय केलं? काटा फिरवला, रेडिओ सिलोन लावलं आणि अमीन सायानींचे भक्त झाले. शेवटी १९५७ मध्ये झक मारत विविध भारती काढावी लागली.

रात्रपाळी
@अर्धा कप, उदाहरण चांगलं आहे, पण माझ्या बाजूचं आहे. केसकर म्हणजे दिल्लीत बसून सगळ्या देशासाठी ठरवणारा एकच माणूस. हॉटेलच्या हॉलवाला सल्लागार तेच करतो, फक्त हातात गुणपत्रिका धरून. बीसीएनमध्ये दर चार तासांनी डोकं बदलायचं. आणि ते डब्ल्यूसीओझेड काही वर्षांतच आटोपलं, तेवढं लिहायचं राहिलं तुमचं.

कलम खोडरबर
दोघंही गाण्यांवरून भांडताय आणि तिकडे कायदा हसतोय. १९६७ पासून अमेरिकेत मोठ्या शहरांतल्या एफएमवर त्याच मालकाच्या भावंड एएम (मध्यम लहरी) स्टेशनचाच कार्यक्रम निम्म्याहून जास्त वेळ लावायला बंदी आली. तास रिकामे झाले, ते भरायला स्वस्तातली पोरं आली, म्हणून एफएमवर रॉक फोफावलं. बीसीएनला एएम भावंड नव्हतं, पण वारा तोच.

मग १९९६ चा दूरसंचार कायदा. देशभरात एका मालकाची किती स्टेशनं असावीत यावरची मर्यादा गेली. सगळ्यात मोठ्या शहरांत एकाला आठपर्यंत चालतील असं ठरलं. झालं, स्टेशनं म्हणजे दुकानातल्या फळीवरचा माल. २००९ मध्ये बीसीएनची तेव्हाची मालक कंपनी सीबीएसला खेळांच्या गप्पांसाठी ९८.५ हवं होतं, म्हणून तिथलं संगीत स्टेशन १०४.१ वर सरकवलं आणि बीसीएन फळीवरून खाली. आणि फ्रेमिंगहॅमकर, तुमचं लाडकं झेडएलएक्सही २०१७ च्या विलीनीकरणात आयहार्ट या बड्या रेडिओ कंपनीच्या पदरात पडलं. श्रोत्यांना कुणी विचारलं?

पणजी व्हाया दादर
अवांतर आहे, पण राहवत नाही. बीसीएनच्या बातम्यांचा विषय कुणीच काढला नाही. डॅनी शेक्टर स्वतःला 'न्यूज डिसेक्टर' म्हणवायचा आणि व्हिएतनामच्या काळात सरकारी निवेदनांची चिरफाड करायचा. आपल्याकडे खासगी एफएमला आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचंच बातमीपत्र जसंच्या तसं लावायचं. आपण १९६८ न पाहताच थेट हॉटेलच्या हॉलमध्ये जाऊन बसलो.

रात्रपाळी
@कलम खोडरबर, कायद्याचं मान्य. पण लोकांचा धाक होता तोवर मालकालाही नमावं लागलं. फेब्रुवारी १९७९ मध्ये नव्या मालकांनी ताबा घेताच १९ जणांना काढलं. सगळे संपावर गेले, जाहिरातदारांनी जाहिराती मागे घेतल्या, आणि सुमारे तीन आठवड्यांत त्या १९ जणांना परत घ्यावं लागलं.

फ्रेमिंगहॅमकर
पुढचंही सांगा की. ते नवे मालक म्हणजेच पुढची इन्फिनिटी कंपनी, जिने १९९६ मध्ये स्टर्नला सकाळी आणलं. मधल्या काळात त्यांच्याच पगारावर पंक रॉक लावणाऱ्या ईडिपस या निवेदकाने कार्यक्रमांची सूत्रं सांभाळली आणि ऐंशीच्या दशकात बीसीएन दणक्यात चाललं. मालक तेच, संपवाले तेच. मग १९८५ ला मेलं ते नेमकं काय, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.