मदत हवी आहे: गिऱ्हाइकाचा फोन आला की नीट ऐकत नाही, मेल लिहिला की मुद्दा तळाला जातो

नमस्कार मंडळी,

मी शिरोली एमआयडीसीतल्या (कोल्हापूर) एका फाउंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून अकरा वर्षं शॉपफ्लोअरवरच काढली, आधी कोअर शॉपला (नगाच्या आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, बनवतात तिथे), मग मोल्डिंगला. गेल्या जूनपासून साहेबांनी मला कस्टमर क्वालिटीला घेतलंय. म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार आली की पहिला फोन मी घ्यायचा, मेलला उत्तर मी द्यायचं, एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय मांडायचा आठ टप्प्यांचा अहवाल) मी भरायचा. कास्टिंगमधलं मला कळतं. नग हातात घेतला की ब्लो होल (गॅस अडकून पडलेलं भोक) आहे की वाळू पडलीय, हे बहुतेक वेळा सांगता येतं. पण तेच फोनवर किंवा मेलमध्ये सांगायची वेळ आली की माझं सगळं विस्कटतं.

मागच्या महिन्यात चाकणच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी, ग्रे आयर्न. आम्ही रफ कास्टिंग देतो, मशिनिंग त्यांच्याकडे होतं. तिकडचे साहेब हिंदी-इंग्रजीत भराभर बोलत होते. 'लीकेज' हा शब्द कानावर पडला आणि माझ्या डोक्यात ब्लो होलच बसला, कारण त्याच आठवड्यात आमच्याकडे कोअरच्या गॅसचा त्रास चालू होता. त्यानंतर ते काय बोलले ते मी ऐकलंच नाही, मनात उत्तर जुळवत बसलो होतो. तीनदा 'यस सर, नोटेड सर' म्हटलं आणि फोन ठेवला. दोन माणसं लावून साडेतीनशे नग डोळ्यांनी तपासून घेतले, भोकं दिसली ते बाजूला काढले, बाकीचे गाडीत भरले.

तिकडे ते नगही गळले. दोष श्रिंकेजचा, म्हणजे लोखंड गोठताना आकसण्याचा होता. पोर्टच्या (तेल जायच्या तोंडाच्या) मागे या बॉडीला जाड भाग आहे. तिथलं लोखंड सगळ्यात शेवटी गोठतं. फीडिंग, म्हणजे तिथे वितळलेल्या लोखंडाचा पुरवठा, कमी पडलं की आत स्पंजासारखी जाळी राहते. रफ कास्टिंगवर बाहेरून काहीही दिसत नाही, मशिनिंगला वरची कातडी निघाली की मग तेल झिरपतं. साहेब फोनवर 'पोर्ट के पीछे से' असंच सांगत होते, हे मला नंतर आमच्या ट्रेनीनं सांगितलं. तो शेजारी बसून स्पीकरवर ऐकत होता. त्याला कळलं, मला नाही. आणि हीट कोड, म्हणजे भट्टीच्या कुठल्या वितळणीतला नग तो नंबर, मी विचारलाच नव्हता. तो विचारला असता तर भट्टीची वही उघडून दहा मिनिटांत छडा लागला असता. डेबिट नोट (नुकसान आमच्या बिलातून कापल्याची चिठ्ठी) आली ती वेगळीच, पण मला झोप लागू देत नाही ती ही गोष्ट.

मग मेल लिहिला, इंग्रजीत. सुरुवात 'फोनवरील चर्चेच्या संदर्भात', पुढे तीन ओळी दिलगिरी, पुढे कार्बन इक्विव्हॅलंट, रायझर, सगळं शास्त्र. शेवटून दुसऱ्या ओळीत, 'बदली ६० नग गुरुवारी निघतील.' बुधवारी संध्याकाळी त्यांच्या परचेसवाल्यांचा चढ्या आवाजात फोन, नग कधी देणार म्हणून. मेलमध्ये होतं की! चौदाव्या ओळीत.

सकाळी सातच्या पाळीला मोल्डिंगच्या पोरांसमोर मी पंधरा मिनिटं बोलतो तेव्हा असं काहीच होत नाही. बिहारची पोरं आहेत, बेळगावकडची आहेत, मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं नीट पोचतं. मग फोनवरच असं का होतं? घरी म्हणतात, इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लाव. लावू का? त्यानं हे सुटेल का? कुणी या वाटेनं गेलं असेल तर मनापासून सांगा.

चाकणकर
मी टेबलाच्या पलीकडचा, सप्लायर क्वालिटी बघतो. दिवसाला शंभरावर मेल येतात, त्यातले निम्मे लाइनवर उभ्या उभ्या मोबाइलवर वाचतो. तुमचं इंग्रजी आम्ही तपासत नाही हो. पहिल्या दोन ओळींत कुठला पार्ट, कुठली हीट, किती नग अडवले आणि चांगले नग कधी पोचणार एवढं हवं. विषयाच्या ओळीतही तेच. शास्त्र खाली येऊ द्या, लागेल तो वाचेल.
एट-डीत डी-थ्री म्हणजे तात्पुरता बंदोबस्त आणि डी-फोर म्हणजे मूळ कारण. फोर्डनं १९८७ साली ही पद्धत छापली तेव्हापासून हे दोन टप्पे वेगळेच आहेत. पहिल्या दिवशी आम्हाला डी-थ्री हवा असतो: आज काय थांबवलं? तुम्ही डी-फोर लिहीत बसलात, तोही कारण नक्की होण्याआधी ठरवून टाकलेला. माझ्याकडच्या निम्म्या सप्लायरांचं हेच होतं.

पत्रव्यवहार
एक्स्पोर्टला माल जात असेल तर 'रिव्हर्ट' आणि 'डू द नीडफुल' तेवढं सोडा. आपल्याकडे रिव्हर्ट 'उत्तर द्या' म्हणून वापरतात, पण त्याचा मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणं. 'प्लीज रिव्हर्ट' वाचून आमच्या जर्मन गिऱ्हाइकानं विचारलं होतं की जुनं ड्रॉइंग परत लावायचं का. काय करायचं, कुणी आणि कुठल्या तारखेपर्यंत, ते सरळ लिहा.

जुना_खलाशी
तीस वर्षं मर्चंट नेव्हीत होतो, आता रत्नागिरीत. क्लास लावायचा तर लावा, पण हे त्यानं सुटणार नाही. जहाजावर पाच देशांची माणसं असतात, इंग्रजी कुणाचंच धड नसतं. म्हणून तर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००१ साली ठरावीक वाक्यांचा संच मंजूर केला. पण खरी मदार परत म्हणण्यावर. ब्रिजवर (जहाज चालवायच्या खोलीत) 'पोर्ट टेन', म्हणजे सुकाणू डावीकडे दहा अंश, असा हुकूम आला की सुकाणूवाला आधी 'पोर्ट टेन' म्हणतो, मग चाक फिरवतो, आणि सुकाणू तिथे आलं की पुन्हा कळवतो. 'यस सर' हे तिथे उत्तरच धरत नाहीत, कारण त्यातून काय ऐकलं ते समजत नाही. परत म्हणायचं हे आधीच ठाऊक असलं की कान आपोआप उघडे राहतात. मनात उत्तर जुळवायला सवडच मिळत नाही.
पोरांसमोर तुमचं जमतं त्याचं कारणही मला हेच वाटतं. तिथे त्यांचे चेहरे दिसतात, कळलं नाही की तुम्ही लगेच परत सांगता.

धागाकर्ता
तिघांचे आभार. फोनशेजारी पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय: पार्ट, हीट कोड, किती नग, दोष कुठे, मशिनिंगआधी की नंतर, टेस्टचं प्रेशर. काल एक फोन आला, सगळं लिहिलं आणि ठेवायच्या आधी वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'नहीं नहीं, फोर्टीन नहीं, सेवन्टीन.' एवढ्या एका आकड्यासाठी मी परत चुकीची हीट अडवून बसलो असतो!
पण एक अडचण राहिलीच. चाकणचे ते साहेब अजून चिडलेले आहेत. मध्ये विचारलं की भडकतात, 'आपको पता नहीं है क्या?' म्हणतात. तिथे काय करू?

चाकणकर
मध्ये विचारूच नका. त्यांना पूर्ण बोलू द्या, तुम्ही फक्त लिहा. थांबले की म्हणा, 'सर, लिखा है, पढ़ता हूँ, गलत हो तो रोकिए.' पुठ्ठ्यावरची जागा कोरी राहिली असेल तर वाचताना तिथे थांबा. 'हीट कोड...' म्हणून गप्प बसा. आम्ही स्वतःच आकडा सांगतो.

धागाकर्ता
आज दुपारी दोनला त्यांचाच कॉल आहे. ट्रेनीलाही शेजारी वेगळा कागद घेऊन बसवतो, नंतर दोन्ही कागद ताडून बघू. काय होतं ते संध्याकाळी इथेच लिहितो.