आंद्रेया पोत्सो: कमानदार छतावर सरळ खांब कसे उतरवले?

रेघोट्या: रोमच्या सांत इग्नाझियो चर्चमध्ये सतराव्या शतकातला इटालियन चित्रकार आंद्रेया पोत्सो याने छतावर रंगवलेले खांब थेट आकाशात चढत गेल्यासारखे दिसतात. कागदावर चौकटी पाडून चित्र मोठं करतात हे ठाऊक आहे, पण कमानीवर त्या चौकटी वाकणारच. मग खांब सरळ कसे दिसतात? आणि तिथला घुमटही रंगवलेलाच आहे का?

ओळंबा: चौकटी वाकतात, आणि वाकायलाच हव्यात. पद्धत पोत्सोने स्वतःच्या ग्रंथात (पहिला खंड १६९३) दिली आहे. कमान जिथून सुरू होते त्या उंचीवर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणून जाळी करायची, चौकटी कागदावरच्या हिशेबानेच. खाली प्रेक्षकाच्या डोळ्याची जागा पक्की करायची. रात्री तिथे दिवा ठेवला की जाळीची सावली छतावर पडते, तीच गिरवायची. छत उंच असेल तर सावली पुसट होते. तेव्हा त्या बिंदूपासून दोरा ताणून, जाळीला टेकवत छतापर्यंत न्यायचा आणि खुणा करायच्या. जाळीला झोल पडला तर चूक छतावर आणखी मोठी होऊन उतरते.

निवळी: घुमटाबद्दल: खरा घुमट बांधलाच गेला नाही. १६८५ साली पोत्सोने सुमारे १७ मीटर व्यासाच्या सपाट कॅनव्हासवर तो रंगवला. छताचं भित्तिचित्र त्यानंतरचं, १६९४ मध्ये पुरं झालं. ते ओल्या गिलाव्यावरचं काम, म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच शेवटचा थर द्यायचा. पोत्सो त्या थराचा पृष्ठभाग किंचित खरखरीत करायला सांगतो, रंग नीट धरतो म्हणून. पांढरा रंग चुन्याचाच. शिशाचा सफेदा भिंतीवर काळा पडतो.

रेघोट्या: मधल्या जागेवरून हललं की खांब कलंडतात. हा दोष नाही का?

ओळंबा: ही टीका त्याच्या हयातीतच झाली. त्याचं उत्तर स्पष्ट होतं: बघण्याचे अनेक बिंदू धरले तर कुठूनच चित्र पूर्ण जुळत नाही. मला ते पटतं. म्हणून तर तिथे कुठे उभं राहायचं ते दाखवणारी संगमरवरी चकती फरशीत बसवलेली आहे, घुमटासाठी वेगळी.

निवळी: माणूस मूळचा त्रेन्तोचा, १६६५ पासून जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात, पण पाद्री नव्हे, साधा ब्रदर. १६८१ मध्ये रोमला आला. शेवटची वर्षं व्हिएन्नात गेली आणि तिथल्या जेझुइट चर्चमध्येही त्याने असाच आभासी घुमट रंगवला. १७०९ मध्ये तिथेच वारला. तुलना करायची तर आधी इटलीतल्याच मोन्दोवी गावचं सान फ्रांचेस्को सावेरिओ चर्च बघा, ते रोमच्या आधीचं काम आहे.