ट्यूलिपचे कंद पिशवीतच राहिले. आता लावू की मार्चपर्यंत ठेवू?

ओलीमाती:
ऑक्टोबरात ट्यूलिपचे ४० आणि डॅफोडिलचे २० कंद आणले, पण आईच्या आजारपणात लावायचे राहून गेले. आज ७ डिसेंबर. सकाळी वाफ्यावर दोन बोटं जाडीचा गोठलेला थर असतो, दुपारी मात्र खुरपं आत जातं. तीन डॅफोडिल दाबून पाहिले तर मऊ लागले. बाकीचे टणक आहेत. सगळे फ्रिजमध्ये ठेवून मार्चमध्ये लावले तर? मागच्या वर्षी ट्यूलिप कुंडीत लावून घरात खिडकीशी ठेवले होते. ते पानांच्या बेचक्यातच, चार बोटांवर कसेबसे उमलले. तसं पुन्हा बघवणार नाही.

पानगळ:
ताई, थांबू नका, माती खणता येतेय तोवर लावा. ट्यूलिपचं फूल कंदाच्या आत उन्हाळ्यातच घडलेलं असतं. थंडी हवी असते ती मुख्यतः देठ लांबायला, साधारण १२ ते १६ आठवडे, ९ अंशांच्या खाली. मागच्या वर्षी घरातल्या उबेत ती मिळाली नाही, म्हणून देठ खुजा राहिला. तुमच्या हाताचा त्यात दोष नव्हता. मार्चमध्ये लावलेत तर मुळं धरायलाही वेळ उरणार नाही.

डॅफोडिल आधी लावा. त्यांना मुळांसाठी ट्यूलिपपेक्षा जास्त अवधी लागतो, म्हणून त्यांचाच उशीर जास्त झालाय. मऊ पडलेले तीन काढून टाका, कुजलेला कंद शेजारच्यालाही बाधतो.

खोलीत काटकसर करू नका. कंदाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे ट्यूलिपला १५ ते २० सेंटीमीटर. मी पहिल्या वर्षी दमून ८ सेंटीमीटरवरच थांबलो. जमीन गोठत-वितळत राहिली आणि फेब्रुवारीत निम्मे कंद मातीने वर ढकललेले सापडले. अजून डोळ्यांसमोर आहेत. टोक वर, बूड खाली. लावून झाल्यावर एकदा पाणी द्या. जमीन पुरती गोठली की वर पालापाचोळा पसरा. आधी पसरलात तर उंदीर त्यात घर करतात.

खारीचीझोप:
ठेवायची वेळ आलीच, तर फ्रिजमध्ये सफरचंदांजवळ नको. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कंदातली कळी आतल्या आत जळते. माझा एक अख्खा डबा असाच गेला, वरून कंद अगदी ठणठणीत दिसत होते.

आणि ट्यूलिपवर तारेची जाळी टाका, खारी उकरून खातात. डॅफोडिल विषारी असल्याने त्यांना त्या तोंड लावत नाहीत.

पानगळ:
जाळीचं अगदी बरोबर. फुलं झडल्यावर पानं कापायची घाईही नको, ती पिवळी पडेपर्यंत कंद पुढच्या वर्षासाठी भरत असतो. पानांची वेणी घालून ठेवणारेही पाहिलेत. मला ते पटत नाही, ऊन अडतं.

ओलीमाती:
लावायच्या आधी एक टणक ट्यूलिप उभा चिरला. मधोमध तांदळाच्या दाण्याएवढं फिकट हिरवं फूल होतं, भिंगातून सहाही पुंकेसर मोजता आले. आईला नेऊन दाखवलं, ती बराच वेळ बघत राहिली. उरलेले ३९ आणि १७ डॅफोडिल अंधार पडायच्या आत मातीत गेले.