करारनामा जोडीदाराच्या नावावर, तो निघून गेला. घरावर माझा काही हक्क आहे का?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी परिचारिका आहे. मी आणि माझा जोडीदार लग्न न करता तीन वर्षे किरायाच्या घरात राहत होतो. समोरची खोली माझ्या सहकारी मैत्रिणीकडे आहे. करारनामा शंभराच्या स्टॅम्प पेपरवर, अकरा महिन्यांचा आणि नोंदणी न केलेला आहे. त्यातील मोकळ्या जागा माझ्या अक्षरात भरलेल्या आहेत, कारण त्याचे अक्षर कोणालाच लागत नाही; भाडेकरू म्हणून नाव आणि सही मात्र एकट्या त्याची.

पोळ्यानंतर तो सामान घेऊन गेला. आता घरमालक म्हणतात, "मॅडम, कागदावर तुमचं नावच नाही, दिवाळीच्या आत खोली खाली करा," आणि आठवडाभरापासून बोअरची मोटर आमच्या टाकीपुरती बंद ठेवतात.

मी वाचले त्यानुसार, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात विवाहसदृश नातेही येते आणि करार एकट्या पुरुषाच्या नावावर असला तरी कलम 17 नुसार स्त्रीला त्या घरात राहण्याचा हक्क असतो. कलम 19 खाली न्यायदंडाधिकारी त्याला पर्यायी घर देण्याचा किंवा त्याचा किराया भरण्याचा आदेश देऊ शकतात. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये वेलुसामी प्रकरणात, दोघे लग्नास पात्र असावेत आणि समाजात पती-पत्नीसारखे वावरलेले असावेत, अशा अटी सांगितल्या. आम्ही दोघेही अविवाहित. खोली मिळावी म्हणून आम्ही घरमालकांना नवरा-बायको असल्याचे सांगितले होते, आणि त्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला मी दोनदा गेले आहे. तेव्हाची ती थाप आता माझ्या बाजूचा पुरावा ठरेल, की घरमालक तिलाच फसवणूक म्हणतील?

हा कायदा जोडीदाराविरुद्ध झाला. घरमालकांनी परस्पर कुलूप लावले, तर विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा करता येतो. तो माझ्यासारख्या, करारात नाव नसलेल्या व्यक्तीने स्वतःच्या नावाने करावा का? मैत्रिणीची स्थिती अधिक कठीण आहे, कारण नुसत्या सहनिवासाला 2005 चा कायदा लागू होत नाही आणि ती किराया माझ्या जोडीदाराच्याच हाती रोख देत असे.

स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून सोमवारी तालुका विधी सेवा समितीकडे जाणार आहे. माझ्या खात्यातून त्याला दरमहा पाठवलेल्या अर्ध्या किरायाच्या नोंदी आणि या पत्त्यावरील गॅसचे पुस्तक आहे. आणखी कोणती कागदपत्रे सोबत न्यावीत?