उत्तर: क्रेडिटचं राहू द्या, आधी पाचट वाचवा

कार्बन क्रेडिटचे (म्हणजे मातीत कार्बन साठवल्याबद्दल मिळणारे) पैसे दिले की शेतकरी आपोआप मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कार्बन, वाढवेल, असं एकानं मांडलंय, त्याला हे उत्तर. पण वाढलेला कर्ब मोजणार कसं? मृदा आरोग्य पत्रिका, म्हणजे सरकारचं माती तपासणीचं कार्ड, 2015 पासून आहे, त्यात बागायतीला अडीच हेक्टरला एक नमुना आणि जिरायतीला 10 हेक्टरला एक, म्हणजे आपल्या मंगळवेढ्याच्या (सोलापूर जिल्हा) जिरायती ज्वारीच्या पट्ट्यात तुमचं रान आणि शेजाऱ्याचं रान एकाच आकड्यात! आणि हेक्टरी वरच्या 15 सेंमी मातीचं वजनच साधारण 20 लाख किलो, तिथं कर्ब नुसता 0.1 टक्का वाढवायचा तरी 2000 किलो कार्बन मातीत टिकायला हवा, शेणखत-पाचट टाकलं तर त्यातला बराचसा कुजताना हवेतच जातो, शिवाय आपल्या उन्हानं तो आणखी लवकर उडतो.

ज्वारीचा कडबा जनावरांना लागतो, तो मागायचा नाही कुणी. पण ऊस तुटला की पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवतात ना, तिथं हात घाला. खोडव्यात (तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसात) पाचट ठेवून वर युरिया, सुपर फॉस्फेट न् कुजवणारं जिवाणू कल्चर टाकलं तर कुजतं, पाणीही वाचतं. अनुदान द्यायचंच तर गावपातळीवर भाड्यानं मिळणाऱ्या, पाचटाचे बारीक तुकडे करणाऱ्या कुट्टी मशीनला द्या, तेही तोड संपायच्या आत, नंतर मिळून काय उपयोग, तोवर काडी लागलेली असते.